कपाट उघडे ठेवणारा गणिती : जॉन केमेनी

गणित आणि कला शाखा यांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य, अशी आपल्याकडे समजूत आहे. दहावीच्या निकालाबरोबर ज्यांनी गणिताला कायमचा नमस्कार केला, असे पुष्कळजण आज माझ्याच बाकावर बसतात. तेव्हा कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एका गणितज्ञाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. माझे उत्तर इतकेच की हा गणितज्ञ आपल्या गोतावळ्यातला होता. त्याने काही काळ तत्त्वज्ञान शिकवले, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समजेल असे गणिताचे पुस्तक लिहिले, आणि आयुष्यातले सर्वांत मोठे काम केले ते इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचे नाव जॉन जॉर्ज केमेनी.

त्यांच्याकडे मी वळले त्याला एक कारण आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीची. विषय अर्थशास्त्र. व्याजाची आणि निर्देशांकांची गणिते हाताने करून कंटाळा आला म्हणून थोडे प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले. घरी संगणक नाही, मोबाइल आहे. त्यावर मी दहा-बारा ओळी लिहिते आणि बटण दाबते. त्या ओळी कुठल्या तरी परक्या शहरातल्या संगणकाकडे जातात. तिथला कंपायलर त्यांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, तिथेच ते काम चालते, आणि उत्तर तेवढे कळसाडीला परत येते. कंपायलर म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात समजावून सांगणे अवघड नाही. पावरी किंवा भिली बोलणारा म्हातारा माणूस कागद घेऊन कचेरीत जातो, तेव्हा त्याचे म्हणणे साहेबाच्या मराठीत सांगणारा कोणी तरी मधे लागतो. कंपायलर हा तसाच दुभाषी. आपण आपल्याला झेपेल अशा भाषेत लिहायचे. शून्य आणि एक एवढेच जाणणाऱ्या यंत्राला ते त्याच्या भाषेत सांगण्याचे काम दुभाष्याचे.

हा दुभाषी आपल्या घरात नसला तरी चालतो, तारेच्या दुसऱ्या टोकाला असला तरी पुरतो, आणि त्याच्याकडे कोणीही सामान्य विद्यार्थी जाऊ शकतो, ही गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवणाऱ्यांत केमेनी अगदी पुढे होते. ती त्यांना का करावीशी वाटली, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर उमगते.

केमेनींचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी पुढचे पाऊल ओळखले. ते आधी एकटे अमेरिकेस गेले आणि १९४० साली त्यांनी कुटुंबाला तिकडे नेले. आजोबांनी मात्र घर सोडायला नकार दिला. जे मागे राहिले त्यांतले आजोबा आणि इतर काही आप्त नाझींच्या संहारात बळी गेले. तेरा-चौदा वर्षांचा जॉन न्यूयॉर्कच्या शाळेत दाखल झाला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. तीन वर्षांनी, १९४३ साली, तो त्याच शाळेतून पहिला आला. भाषा न येणाऱ्या माणसाची दारापाशी कशी कुचंबणा होते, हे ज्याने कोवळ्या वयात सोसले, त्याने पुढे यंत्राशी बोलण्याची सोपी भाषा रचावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकत असतानाच महायुद्धाने त्यांना लष्करात ओढले. १९४५ साली त्यांची रवानगी लॉस अलामॉसला, अणुबॉम्ब जिथे बनत होता त्या ठिकाणी झाली. काम आकडेमोडीचे. त्यांचे वरिष्ठ होते रिचर्ड फाइनमन. छिद्र पाडलेली कार्डे एका यंत्रातून काढायची, दुसऱ्यात घालायची, असे दिवसरात्र पाळ्यापाळ्यांनी चाले. एका समीकरणाचे उत्तर निघायला आठवडे लागत. तिथेच जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाकडून त्यांनी येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाची कल्पना ऐकली. हे यंत्र आपल्या हातात कधी येईल, असा ध्यास तेव्हापासून लागला. पुढे उतारवयात ते सांगत की तिथे आम्ही वर्षभर घाम गाळून जे केले, ते आता कॉलेजातला एखादा मुलगा एका दुपारी करील, आणि तेही इतर शंभरजण तेच यंत्र वापरत असताना.

युद्धानंतर ते प्रिन्स्टनला परतले. १९४८-४९ मध्ये त्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणून काम केले. १९४९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मग तिथेच ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. १९५३ साली डार्टमथ कॉलेजने त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले आणि दोन वर्षांत विभागप्रमुख केले.

डार्टमथ हे न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर नावाच्या लहानशा गावातले जुने कॉलेज. मोठ्या शहरांपासून दूर, भोवती डोंगर आणि जंगल. तिथले सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे नव्हते. साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकणारे होते. केमेनींचे म्हणणे असे की उद्या देशाचा कारभार, उद्योग, वृत्तपत्रे हीच मुले चालवणार. संगणक काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे त्यांना ठाऊक नसेल, तर ती यंत्राला एक तर देव मानतील, नाही तर भूत. तेव्हा संगणक शिकवायचा तो ह्यांनाच. या कामात त्यांना १९५६ साली थॉमस कर्ट्‌झ हे सहकारी लाभले, आणि ही जोडी जन्मभर टिकली.

पण शिकवायचे कशावर? डार्टमथजवळ मोठा संगणक नव्हता. सर्वांत जवळचा होता बोस्टनपलीकडच्या एम. आय. टी. या संस्थेत, दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. कर्ट्‌झ दर पंधरवड्याला पहाटेची आगगाडी पकडत. बरोबर पेटी, पेटीत सहकाऱ्यांच्या प्रोग्रॅमची कार्डे. ती तिथल्या खिडकीवर द्यायची, यंत्रावर चालली की उत्तराचे कागद घेऊन परतायचे. एखाद्याने स्वल्पविराम चुकवला असला तर उत्तराऐवजी चूक छापून यायची, आणि दुरुस्ती पुढच्या पंधरवड्यावर. आपल्यापैकी ज्यांनी ग्रंथालयाच्या खिडकीवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागितले आहे, त्यांना हा अनुभव परका नाही. कपाटाला कुलूप, आत कारकून, बाहेर आपण. पुस्तक हातात येते तेव्हा ते आपल्याला हवे होते ते नाही असे कळते, आणि पुन्हा नवी चिठ्ठी.

याच सुमारास आपल्याकडची स्थिती काही वेगळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळचा बलाढ्य संगणक आला, आणि देशातल्या अनेक संस्थांच्या संशोधकांनी आपली गणिते तिथे करून घेतली. रीत तीच : कार्डे द्यायची आणि वाट पाहायची.

केमेनींना ही खिडकीच नको होती. डार्टमथच्या ग्रंथालयात विद्यार्थी थेट कपाटापर्यंत जाऊन हवे ते पुस्तक हाताळू शकत. कशासाठी हवे असे कोणी विचारत नसे, आणि त्याचे पैसेही पडत नसत. संगणकही असाच असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे एकाच यंत्राचा लाभ एकाच वेळी अनेकांना मिळणे, आणि दुसरी म्हणजे कोणालाही चार दिवसांत शिकता येईल अशी भाषा.

पहिलीला टाइम-शेअरिंग म्हणतात. ती सुचवली जॉन मॅकार्थी यांनी. ते पूर्वी डार्टमथलाच होते. ही युक्ती आपल्या खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेसारखी आहे. गुरुजी एकच, वर्ग चार. पहिलीला पाढे लिहायला सांगून गुरुजी दुसरीकडे वळतात, तिला गणित घालून तिसरीकडे. पोरे लिहीत असतात तेवढ्यात गुरुजी फेरी पूर्ण करतात. संगणकाची फेरी इतकी जलद होते की प्रत्येकाला वाटते, गुरुजी आपल्या एकट्यासाठीच आहेत.

दुसरीचे नाव बेसिक. १९६३ साली केमेनींनी तिचा कंपायलर स्वतः लिहायला घेतला. पहिल्या बेसिकमध्ये आज्ञा जेमतेम चौदा-पंधरा होत्या, आणि त्या रोजच्या इंग्रजीतल्या साध्या शब्दांच्या : लेट, प्रिंट, इफ, एंड. काम सुरू करताना यंत्राला हॅलो म्हणायचे आणि चालवायचे झाले की रन. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या मुलाने दोन-तीन व्याख्याने ऐकून प्रोग्रॅम लिहावा, हे माप लावूनच ती बेतली होती.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून अनुदान मिळाले आणि १९६४ च्या आरंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची दोन यंत्रे कॉलेजात आली. एक जीई-२२५, आकडेमोड करणारे. दुसरे डेटानेट-३०, निरोपांची ये-जा सांभाळणारे. विद्यार्थ्यापुढे यांतले एकही नसे. त्याच्यापुढे असे टेलिटाइप, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे उमटवणारे, तारायंत्राच्या कुळातले खडखडाटी यंत्र. त्यावर टंकलेली ओळ तारेने डेटानेटकडे जाई. रन ही आज्ञा आली की डेटानेट तो मजकूर मोठ्या यंत्राच्या स्वाधीन करी. तिथे कंपायलर क्षणात पूर्ण प्रोग्रॅमचे भाषांतर करी, प्रोग्रॅम चाले, आणि उत्तर आल्या वाटेने परत येऊन विद्यार्थ्याच्या कागदावर उमटे. मी मोबाइलवर जे करते त्याचा सांगाडा हाच आहे.

हे सारे चालवणारी मुख्य प्रणाली कोणी लिहिली? कंपनीच्या अभियंत्यांनी नव्हे, तर कॉलेजातल्याच विद्यार्थ्यांनी. त्यांत जॉन मॅक्‌गीची आणि मायकेल बुश ही नावे आघाडीवर आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांवर लाखो डॉलरांचे यंत्र सोपवायला जो विश्वास लागतो, तो केमेनी आणि कर्ट्‌झ यांच्यापाशी होता. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास, कॉलेज हॉल या इमारतीच्या तळघरात, दोन टेलिटाइपवरून दोन बेसिक प्रोग्रॅम एकाच वेळी सोडले गेले आणि दोहोंची उत्तरे बरोबर आली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जोडलेल्या टेलिटाइपांची संख्या विसाच्या घरात गेली. थोड्याच वर्षांत डार्टमथचे बहुतेक विद्यार्थी, शाखा कोणतीही असो, प्रोग्रॅम लिहून बाहेर पडू लागले.

तार कॉलेजच्या कुंपणापाशी थांबली नाही. टेलिफोनच्या जाळ्यावरून हॅनोव्हरचे हायस्कूल आणि पुढे न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी शाळा व कॉलेजे डार्टमथच्या यंत्राला जोडली गेली. ज्या गावात संगणक नव्हता, त्या गावातली मुले संगणकाला आज्ञा देऊ लागली. बेसिकचा वापर सर्वांना खुला होता, म्हणून ती अशीच पसरली. १९६८ साली सिअ‍ॅटल शहरात बिल गेट्स नावाचा शाळकरी मुलगा टेलिटाइपवर बसून, दूरच्या संगणकावर, बेसिकमध्येच पहिले प्रोग्रॅम लिहीत होता. १९७५ साली त्याने आणि पॉल अ‍ॅलनने सुरू केलेल्या कंपनीचे पहिले उत्पादन बेसिकचेच होते. आपल्या देशात १९८४ साली क्लास या योजनेखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, तेव्हा मुलांच्या हाती आली तीही बेसिकच.

बेसिकवर टीकाही झाली. एड्‌स्गर डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९७५ साली असे मत मांडले की या भाषेने मुलांच्या विचारांना वाईट वळण लागते. टीका अगदीच अस्थानी नव्हती. बाजारात बेसिकचे जे नाना अवतार निघाले, ते पाहून खुद्द केमेनी-कर्ट्‌झही नाराज होते, आणि १९८० नंतरच्या दशकात त्यांनी ट्रू बेसिक ही सुधारलेली आवृत्ती काढली. तरीही मला वाटते, उंबरठा ठेंगणा केल्याने घरात गर्दी होते, थोडा केरही येतो. म्हणून कोणी उंबरठा पुन्हा उंच करत नाही.

१९७० साली केमेनी डार्टमथचे अध्यक्ष झाले. यंत्राचे दार उघडणाऱ्या या माणसाने कॉलेजचे दारही तसेच उघडले. तोवर डार्टमथ केवळ मुलग्यांचे कॉलेज होते. १९७२ पासून तिथे मुली रीतसर पदवीसाठी शिकू लागल्या. दुसरी गोष्ट आपल्या आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या वाचकाला अधिक भिडावी. १७६९ साली डार्टमथला जी सनद मिळाली, तिच्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना शिक्षण देणे हा उद्देश नोंदलेला होता. प्रत्यक्षात दोनशे वर्षांत त्यांतले वीस पदवीधरसुद्धा झाले नव्हते. केमेनींनी पदावर येताच ते वचन पाळायचे ठरवले. मूळ रहिवासी विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम सुरू केला आणि त्यांच्या संस्कृतीच्या अभ्यासाचा विषयही अभ्यासक्रमात आला. माजी विद्यार्थ्यांतल्या अनेकांना हे बदल रुचले नाहीत. केमेनी मागे हटले नाहीत. एवढ्या व्यापात वर्गावर जाणे त्यांनी सोडले नाही. अध्यक्ष असतानाही ते गणित शिकवत राहिले.

यंत्रावर त्यांचे प्रेम होते, भक्ती नव्हती. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुखपद केमेनींकडे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोगाने अहवाल दिला. बिघाड यंत्रात झाला हे खरे. पण तो चिघळला माणसांमुळे आणि संस्थांमुळे, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रशिक्षण अपुरे होते, पूर्वीच्या लहान बिघाडांतून कोणी धडा घेतला नव्हता, नियंत्रण कक्षात एकाच वेळी शंभरावर धोक्याचे इशारे चमकत होते, आणि संगणकाचा छापखाना इशारे छापता छापता मागे पडला होता. माहितीचा पूर आला, पण तिचा अर्थ लावायला शिकवलेला माणूस तिथे नव्हता. सर्वसामान्य शिक्षणात संगणक यायला हवा, असे केमेनी का म्हणत होते, याचा याहून कडू पुरावा कुठला?

१९८१ साली ते अध्यक्षपदावरून उतरले आणि पुन्हा पूर्णवेळ वर्गात गेले. २६ डिसेंबर १९९२ रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९७२ साली लिहिलेल्या एका पुस्तकात त्यांनी भाकीत केले होते की १९९० पर्यंत घरोघरी संगणकाला जोडणारे यंत्र असेल. भाकीत साल चुकले. आपल्याकडे तर आणखी पंचवीसएक वर्षे गेली. पण दिशा चुकली नाही.

आता या चरित्राचा आपल्याशी काय संबंध, ते सांगते. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे इथे उमटले, नोंद दूरच्या संगणकात झाली. त्या दिवसापासून दूरचे संगणक आपल्याला ओळखतात. रेशन, शिष्यवृत्ती, बँक, पीकविमा, सगळीकडे आपण त्यांच्यापुढे अंगठा ठेवतो. म्हणजे तार गावापर्यंत आली. मात्र तिच्यावरून आज्ञा बहुधा एकाच बाजूने येतात. यंत्र विचारते आणि आपण उत्तर देतो. केमेनींनी जोडलेली तार उलट्या दिशेची होती : विद्यार्थी विचारत असे आणि यंत्र उत्तर देत असे. दोन्ही तारा दिसायला सारख्याच, पण पहिलीवर आपण नोंद असतो आणि दुसरीवर कर्ते.

अडचणी मला ठाऊक आहेत. पाऊस लागला की रेंज जाते आणि दूरच्या दुभाष्याशी असलेले बोलणे तुटते. शिवाय डार्टमथचे यंत्र त्या कॉलेजच्या मालकीचे होते. आज आपण ज्यांच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवतो, ते मालक आपल्याला ओळखत नाहीत, आणि उद्या त्यांनी दार लावून घेतले तर विचारायला जागा नाही. इंग्रजी शब्दांची भीती तर पाचवीला पुजलेली. पण केमेनींनाही यंत्र मिळण्याआधी वीस वर्षे वाट पाहावी लागली होती, आणि त्यांनाही एके काळी इंग्रजी येत नव्हते.

माझी विनंती प्राध्यापकांना आहे आणि वर्गमित्रांनाही. आपल्या महाविद्यालयातली संगणक-खोली कला शाखेसाठी आठवड्यातून दोन तास उघडी राहू द्या. कशासाठी हवी, असे विचारू नका. इतिहासाच्या मुलाला जनगणनेचे आकडे लावू द्या, मराठीच्या मुलीला ओव्यांतले शब्द मोजू द्या. पहिल्या दिवशी उत्तर चुकीचे येईल. कर्ट्‌झ यांना पुढच्या गाडीसाठी पंधरा दिवस थांबावे लागे. आपल्याला तेच बटण पुन्हा दाबायचे आहे.